डिस्चार्ज बुकातलं नाव

लोक म्हणतात की म्हातारा फौजी गेला की तिरंगा, चार भाषणं आणि विषय संपला, पटलं, पण घरच्यांचं खरं काम तिथूनच सुरू होतं. आमच्या शेजारचे आबा जंगी पलटणीतले, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १९७१च्या युद्धात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. लढाईचं विचारलं की थंडीचंच सांगायचे. शेवटी शेवटी नोव्हेंबरात पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याला बोटं मशीनवर उमटायचीच नाहीत, इतकी घासलेली, मग चिडून म्हणायचे अरे मी समोर उभाय की!

ते गेल्यावर काकूंची फॅमिली पेन्शन अडकली कारण आबांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या नोंदींच्या पुस्तकात, काकूंचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. बँकेने दोनदा फाइल परत केली. शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका माजी हवालदाराने प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते सांगितलं आणि कागद बेळगावला पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला गेले, तरी पाच महिने गेलेच. घरात कुणी फौजी असेल तर पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, बायकोचं नाव आत्ताच बघून घ्या. आबांचं ते बुक काळ्या ट्रंकेत सापडलं, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेलं, वर कँटीनचं कार्ड.