कॅप्टन फॉन ट्रॅप खरंच निर्दयी बाप आहे का?

प्रश्न (धरमपेठ): ‘साउंड ऑफ म्युझिक’ चित्रपटातला (1965) बाप, कॅप्टन फॉन ट्रॅप, गणवेशातल्या सात पोरांना शिट्टीवर जिना उतरवतो. निर्दयीच ना बाप्पा?

उत्तर: निर्दयी नाही भाऊ, पळपुटा. हात कुठंच उगारत नाही. बायको गेल्यावर घरातलं गाणं बंद करतो अन् स्वतः व्हिएन्नाला निघून जातो. पोरांचं गाणं ऐकून थबकतो, मग स्वतःच सूर धरतो. तेव्हाचा चेहरा बघा.

उत्तर: पण प्रत्येक पोराची वेगळी शिट्टी! पोरांना सांभाळायला आलेली मारिया तोंडावर सांगते, शिट्ट्या कुत्र्या-मांजरांसाठी. तेवढं कठोरच.

उत्तर: ज्याच्यावरून हा बाप घेतला तो खरा गेओर्ग फॉन ट्रॅप पाणबुडीचा कप्तान. शिट्टी खरी, आवार मोठं म्हणून. मुलांनी मात्र तो प्रेमळच सांगितला. कडकपणा चित्रपटानं वाढवला, नाहीतर मारियानं बदलायचं काय?