रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ : अब्राहाम नक्की कशाने नीतिमान ठरला?

पाणवठा (प्रश्न)

अभ्यासगटात पुढचे दोन आठवडे याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, क्रियांनी ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. बरं, दोघेही पुरावा म्हणून अब्राहामच आणतात आणि उत्पत्ती १५:६ हेच वचन देतात. ‘पौल मूळ सांगतो, याकोब फळ सांगतो’ हे ठरावीक उत्तर सगळ्यांना पाठ आहे, पण ते वचनांतून काढून दाखवायचं कसं? ग्रीक थोडंफार वाचता येतं. सुरुवात कुठून करू?

कोरा कागद

सुरुवात याकोबापासून नको, उत्पत्तीपासून करा. फळ्यावर एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर तीन खुणा करा.

अध्याय १५ : ताऱ्यांएवढ्या संततीचं वचन, अब्राम (म्हणजेच अब्राहाम) विश्वास ठेवतो, ते नीतिमत्त्व असं गणलं जातं. अध्याय १७ : सुंता, वय ९९. अध्याय २२ : मुलगा इसहाक याचं अर्पण. पहिला मुलगा इश्माएल झाला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा होता (१६:१६), म्हणजे पहिली खूण त्याच्याही आधीची. इसहाक १००व्या वर्षी झाला (२१:५) आणि अध्याय २२मध्ये तो लाकडं वाहून नेण्याएवढा मोठा आहे. पहिल्या खुणेपासून तिसरीपर्यंत वीसेक वर्षं सहज जातात.

आता पौल कुठे उभा आहे ते पाहा. रोमकरांस ४:१० मध्ये तो सरळ विचारतो, गणलं गेलं ते सुंतेनंतर की आधी? त्याचा सगळा युक्तिवाद पहिल्या दोन खुणांच्या क्रमावर उभा आहे. याकोब तिसऱ्या खुणेपाशी उभा राहून मागे वळून बघतो. २:२१ मध्ये वेदी आणि त्यानंतर २:२३ मध्ये ‘शास्त्रलेख पूर्ण झाला’. वचन एकच, पण पौल त्याच्याआधी काय नव्हतं ते दाखवतो आणि याकोब त्यातून पुढे काय निघालं ते. एवढं फळ्यावर आलं की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं निम्मं मात्र खरं आहे, ते झाकू नका.

तिसरी घंटा

शब्दांची एक गोम सांगतो. आपल्या प्रचलित ‘पवित्र शास्त्रा’त रोमकरांसच्या पत्रात ‘कर्मे’ आणि याकोबात ‘क्रिया’ असं येतं. त्यामुळे मराठी वाचकाला वाटतं की दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत. ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘एर्गा’च. भाषांतर इथे वाचकाच्या वतीने आधीच तह करून मोकळं होतं. गटाला हे आधी सांगा.

२:१४ सावकाश वाचा. ‘कोणाजवळ विश्वास आहे’ असं याकोब म्हणत नाही, ‘आहे असं कोणी म्हणतो’ असं म्हणतो. पुढचा प्रश्न, असा विश्वास त्याला तारू शकतो का, हा ‘मे’ या नकारार्थी शब्दाने सुरू होतो, म्हणजे उत्तर ‘नाही’ असंच अपेक्षित आहे. ‘हे पिस्तिस’ (विश्वास) यातल्या ‘हे’ या उपपदावरून ‘तो असला विश्वास’ असा अर्थ बरेच जण काढतात. अर्थ बरोबर आहे, पण भार उपपदावर टाकू नका. ग्रीक भाववाचक नामांना ते एरवीही लागतं. भार ‘म्हणतो’वर टाका, शिवाय २:१९ वर : देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात.

२:२० मधली कोटी मराठीत जशीच्या तशी उतरते. ‘एर्गोन’वाचून (‘एर्गा’चंच रूप) विश्वास ‘आर्गे’, क्रियांवाचून निष्क्रिय! काही हस्तलिखितांत तिथे ‘मृत’ असा पाठ आहे. तो बहुधा २:१७ आणि २:२६ वरून शिरला असावा.

२:१८ वर वेळ घालवू नका. मूळ लिखाणात अवतरणचिन्हंच नव्हती, त्यामुळे ‘कोणी म्हणेल’ याचं बोलणं कुठे संपतं यावर एकमत नाही. गट तिथे अडकला की तास गेलाच.

पाणवठा

म्हणजे पौलाची ‘कर्मे’ म्हणजे सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि याकोबाच्या ‘क्रिया’ म्हणजे २:१५-१६ मधलं उघड्याला वस्त्र, उपाशाला अन्न. असं म्हटलं तर चालेल?

कोरा कागद

अर्धंच चालेल. रोमकरांस ३:२८ पुरतं ठीक आहे, पण ४:४-५ वाचा. तिथे पौल मजुरीचा दाखला देतो : काम करणाऱ्याची मजुरी मेहेरबानी नव्हे, ते देणंच. हा दाखला सुंतेपुरता राहत नाही, कुठल्याही कमाईला लागू होतो. ‘पौल फक्त विधींबद्दल बोलतो’ असं म्हणालात तर गटातला कोणीतरी हेच वचन काढून तुम्हाला गप्प करेल.

फरक ‘नीतिमान ठरणे’ यातही शोधा. त्यामागचं ग्रीक क्रियापद ‘दिकायोओ’ लूक ७:२९ मध्ये देवाबद्दल आहे. लोकांनी देवाला नीतिमान केलं नाही, तो न्यायी आहे हे मान्य केलं. मत्तय ११:१९ मध्ये ज्ञान आपल्या कृत्यांवरून खरं ठरतं. याकोब या अर्थाच्या जवळ आहे. पण ‘फक्त लोकांसमोर सिद्ध होणं’ एवढ्यावर थांबू नका, कारण २:१४ मधला प्रश्न तारणाचा आहे आणि इसहाकाच्या अर्पणाच्या वेळी मोरिया डोंगरावर बघायला लोक नव्हते.

वसईची वाट

कॅथलिक बाजूने भर घालते. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, याकोब २:२४ मध्ये, तेही ‘नव्हे’ला जोडून. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने १५२२च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ घातला आणि त्याच वर्षी प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचं, म्हणजे हलक्या मोलाचं, पत्र म्हटलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये नेमकं २:२४ पुढे केलं. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ला औग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याविषयी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मतभेद सगळे संपले नाहीत, पण गटात दोन्हीकडची माणसं असतील तर हे माहीत असलेलं बरं.

आणि २:२२ सोडू नका. ‘सुनेर्गेइ’ हा अपूर्ण भूतकाळ आहे, विश्वास क्रियांसोबत काम *करत होता*. काम करणारा कर्ता विश्वासच आहे. शेजारी गलतीकरांस ५:६ ठेवा, तिथेही प्रीतीच्या द्वारे कार्य करतो तो विश्वासच.

पाणवठा

हे उपयोगी आहे. २:२५ मधली, इस्राएली जासुदांना आसरा देणारी राहाब मात्र राहिली. तिने तर खोटं सांगितलं होतं.

तिसरी घंटा

२:२५ पुन्हा बघा. याकोब दोनच गोष्टी मोजतो, जासुदांचं स्वागत केलं आणि त्यांना दुसऱ्या वाटेने लावून दिलं. यहोशवा २:४-५ मधलं खोटं बोलणं त्याने उचललेलंच नाही. इब्री ११:३१ मध्ये त्याच स्वागताला ‘विश्वासाने’ म्हटलं आहे. दुसऱ्या आठवड्याची सुरुवात या दोन वचनांनी करा, आधी कोणतं कोणाचं ते न सांगता.