व्हिसा मुलाखतीच्या इंग्रजीचा सराव

व्हिसा मुलाखतीच्या इंग्रजीची तयारी कशी करायची विचारलं की दोघंतिघं तरी प्रश्नोत्तरं पाठ करा असं सुचवतात, ते काही मला पटत नाही. घोकलेलं उत्तर पहिल्या वाक्यातच ओळखू येतं, आणि अधिकाऱ्याने मध्येच तोडून "फी कोण भरणार?" विचारलं की बोबडी वळते. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत बहुतेक वेळा काही मिनिटांत आटोपते (तीही काचेपलीकडून), तिथे भाषणाला वाव कुठे!

त्यापेक्षा आपलाच डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि आय-२० (प्रवेश मिळाल्यावर कॉलेज देतं तो फॉर्म) कुणाच्या तरी हातात द्या आणि त्यावरून उलटसुलट प्रश्न विचारायला लावा. उत्तर एकदोन वाक्यांत: "माय फादर इज पेइंग. ही रन्स अ प्रिंटिंग प्रेस." बस्स. व्याकरणाची फार धास्ती घेऊ नका. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब) खाली नकार मिळतो तो बहुधा शिकून परत येण्याचा इरादा पटला नाही म्हणून.

प्रश्न नीट ऐकू आला नाही तर "कुड यू रिपीट दॅट, प्लीज?" बिनधास्त म्हणा, अंदाजपंचे उत्तर ठोकू नका. आणि हो, सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकाच. घाईत वाक्याचा शेवट कसा गिळला जातो ते तेव्हाच कळतं.