वडिलांच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स : कुठलं टाकू? (बजेट १५०० रु.)

मिरजेचा_मी
नमस्कार मंडळी. बाबांचा डेस्कटॉप २०१४ चा. आय३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, विंडोज १०. त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ या प्रोसेसरला चालत नाही. म्हणून लिनक्स ही फुकट प्रणाली टाकायची आहे. वापर म्हणाल तर यूट्यूबवर कीर्तनं, बँक, सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये आणि देवळाच्या उत्सवाची पत्रकं. पत्रकं बारा वर्षांपासून श्रीलिपीत (मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचे फाँट) आहेत. बाबा ७१ चे. बजेट १५००, त्यांच्याच पेन्शनमधलं, म्हणजे वाढणार नाही. मला विंडोज फॉरमॅट करता येतं, त्यापलीकडे शून्य.

लॅमिंग्टनवाला
चौथी पिढी? भंगारात द्या. मी मागच्या दिवाळीत २८ हजारात मिनी पीसी घेतला, हाताच्या पंजाएवढा आहे, आवाज शून्य.

तंबोरा
लिनक्समधलं मिंट टाका. एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ४ जीबीत बऱ्यापैकी पळते. मिंट २२ हे उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रामने चढवा आणि नुसतं 'लाइव्ह', म्हणजे पेनड्राइव्हवरूनच, चालवून बघा. डिस्कला हात लागत नाही. आवाज, प्रिंटर, वायफाय चाललं तरच पुढे जा.

शेवंती_एनजे
आम्ही इथे सासऱ्यांना मॅक मिनी घेऊन दिला. तीन वर्षांत एकदाही फोन नाही. वडिलांसाठी एवढं करायला हरकत नसावी.

मिरजेचा_मी
ताई, बजेट १५०० आहे. रुपये.

बायनरी_बंडू
मिंट म्हणजे विंडोजच, हिरव्या रंगातलं. मी आर्च लिनक्स वापरतो. २ जीबीच्या लॅपटॉपवर. सगळं हाताने टाकलं, तीन रात्री गेल्या, पण शिकलो.

अण्णा_सातारकर
तीन रात्री ७१ वर्षांच्या माणसाने जागायच्या का?

शुद्धमती
'टाकणे' हा शब्द खटकतो. प्रणाली 'प्रस्थापित' करतात. आणि लिनक्स हे केवळ गाभ्याचं नाव, संपूर्ण प्रणालीला ग्नू/लिनक्स म्हणावं.

बायनरी_बंडू
नू. ग्नू नाही.

शुद्धमती
ग्नूच. त्यांच्या संकेतस्थळावरच 'ग' उच्चारायला सांगितलं आहे, पाहून घ्या.

अण्णा_सातारकर
झालं धाग्याचं काश्मीर.

कोकणी_फणस
एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) घाला. बाकी काहीही टाका, साधी हार्डडिस्क रडवणारच. मी दोन वर्षांपूर्वी २४० जीबीची बाराशेला घेतली होती.

लॅमिंग्टनवाला
एसएसडी घ्या हेच सांगायला आलो होतो. (मिनी पीसीत ती येतेच.)

वर्धेकर
काऊन एवढा खर्च करता बाप्पा. विंडोज १० लाच मायक्रोसॉफ्टकडून वर्षभर जादा सुरक्षा अपडेट मिळतात, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. खातं जोडून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट.

तंबोरा
म्हणजे पुढच्या वर्षी हाच धागा परत.
श्रीलिपीबद्दल कोणी बोललंच नाही, खरी गोम तिथे आहे. तो फाँट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाही. फाँटची फाइल होम फोल्डरमधल्या फाँटच्या फोल्डरात ठेवली, तर जुनी पत्रकं लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरचं ऑफिस) दिसतील. पण टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचं, ते इकडे येणार नाही. नवी पत्रकं युनिकोडमध्येच करावी लागतील. कीबोर्ड लेआउटमध्ये भारतीय भाषांखाली मराठी 'कगप' (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) असतो, तो बाबांना दाखवा. जुन्यांसाठी युनिकोडचे कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासा.

अण्णा_सातारकर
रफाराबद्दल १००% सहमत. आमच्या मंडळाच्या अहवालात कन्व्हर्टरने 'वर्गणी'ची 'वगर्णी' केली. पाचशे प्रती छापून झाल्यावर कळलं.

कोकणी_फणस
विंडोज पूर्ण उडवा. दोन होड्यांवर पाय नको.

बायनरी_बंडू
+१. उडवा.

तंबोरा
माझंही तेच मत, बॅकअप घेऊन.

मिरजेचा_मी
रविवारी बसलो. पेनड्राइव्ह चालू झाला, बाबांना चित्रं आवडली. पण वायफाय नाही. यूएसबीचं छोटं ठोकळं आहे, लाइटसुद्धा लागत नाही. आणि विंडोजची डी ड्राइव्ह उघडते, पण त्यात काही सेव्ह होत नाही.

बायनरी_बंडू
ड्रायव्हर स्वतः कंपाइल करा.

शेवंती_एनजे
मॅकला असले प्रश्न येत नाहीत.

तंबोरा
कंपाइल वगैरे काही नको. फाइल मॅनेजरमध्ये सीडीसारखं एखादं चित्र दिसतंय का? ही ठोकळी विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेऊन येतात आणि आधी स्वतःला सीडी म्हणवतात. त्यावर उजवी टिचकी मारून 'इजेक्ट' करा आणि मिनिटभर थांबा. नाहीच जमलं तर फोन वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं.
सेव्ह होत नाही ते 'फास्ट स्टार्टअप'मुळे. विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहीत नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.
आणि हो, बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एक नुसता आणि एक 'यूईएफआय' (संगणक चालू व्हायची नवी पद्धत) लिहिलेला, तर विंडोज ज्या पद्धतीने बसलंय तोच निवडा. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' बघा. इथे चुकलं तर नंतर एकाला दुसरं दिसत नाही.

वर्धेकर
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

मिरजेचा_मी
सीडीच होती! इजेक्ट केल्यावर लाइट लागला. धन्यवाद तंबोरा.
तर अंतिम निर्णय. एसएसडी घेतली नाही. सांगलीतल्या एका दुकानातून ४ जीबीची जुनी डीडीआर३ रॅम सहाशेला आणली, आता ८ झाली. उरलेले ९०० बाबांनी परत कपाटात ठेवले. एक्सएफसीई नाही, मिंटची सिनॅमन ही जड आवृत्तीच टाकली, कारण बाबांना 'तो जाडा मेनू' हवा होता. आणि विंडोज उडवलं नाही. बाबा म्हणाले, पत्रकं आहेत तिथेच राहतील. त्यांनी विंडोजमधून वायफायच काढून टाकलंय. तिकडे फक्त श्रीलिपी, इकडे कीर्तन आणि बँक.

कोकणी_फणस
एसएसडी न घेऊन चूक केलीत. चालू व्हायला किती वेळ लागतो ते लिहा बघू.

मिरजेचा_मी
सव्वा मिनिट. बाबा तेवढ्यात चहा आणतात.
एक नवीन भानगड मात्र आहे. काल सकाळी दहाला विंडोज उघडलं, तर घड्याळात पहाटेचे साडेचार. इकडे परत आलं की बरोबर. बायोसची (मदरबोर्डवरची) बॅटरी गेली का?

लॅमिंग्टनवाला
बॅटरीच. मदरबोर्डही गेलाच असणार. मिनी पीसीचा विचार करा.

तंबोरा
फरक किती? साडेपाच तास बरोबर. बॅटरी ठणठणीत आहे. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. एरवी नेटवरून आपोआप सुधारलं असतं, पण तुम्ही नेट काढलंय. मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, व्यनि (खासगी निरोप) करतो.

शुद्धमती
'आज्ञा' हा शब्द वापरल्याबद्दल आभार.

वर्धेकर
तंबोराभाऊ, माह्या लॅपटॉपात पण वायफाय दिसत नाही. पण ते ठोकळं नाही, आतलंच आहे. सांगा ना काही.

अण्णा_सातारकर
नवीन धागा काढा.