रूपांतराच्या आज्ञेत काय गळणार, ते आज्ञेतच लिहावे लागावे का?

धागाकर्ता

सिम्युलेशनच्या साठवलेल्या फाइली एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणाऱ्या कमांड-लाइन आज्ञांविषयी एक मत मांडत आहे. ज्यांना ते पटणार नाही, त्यांनी अवश्य विरोध करावा. माझे म्हणणे असे आहे की, रूपांतरात माहिती गळणार असेल तर ती गाळण्याची संमती वापरकर्त्याने पर्याय लिहून द्यावी, आणि ती दिलेली नसेल तर आज्ञेने काम न करता थांबावे.

रेणूंच्या हालचालींचे सिम्युलेशन करणाऱ्या ग्रोमॅक्समधील टीआरजेकॉन्व्ह ही रूपांतराची आज्ञा घ्या. -एफ पुढे टीआरआर फॉरमॅटची फाइल दिली आणि -ओ पुढे एक्सटीसी या दुसऱ्या फॉरमॅटच्या शेपटीचे (एक्सटेन्शनचे) नाव दिले की रूपांतर होते, कारण फॉरमॅट त्या शेपटीवरूनच ठरतो. टीआरआरमध्ये अणूंच्या स्थानांबरोबर त्यांचे वेग आणि त्यांच्यावरील बलेही असू शकतात, एक्सटीसीमध्ये मात्र फक्त स्थाने राहतात, आणि तीही नॅनोमीटरच्या तिसऱ्या दशांश स्थानापर्यंत पूर्णांकित होऊन. दशांश स्थाने वाढवण्यासाठी -एनडेक हा पर्याय आहे, पण तो लिहिला नाही तर तीन हीच संख्या धरली जाते. मी एकदा जागा वाचवण्यासाठी असे रूपांतर करून मूळ टीआरआर पुसून टाकली, आणि पुढे वेगांचा स्वसहसंबंध, म्हणजे वेगांचा त्यांच्याच आधीच्या मूल्यांशी असलेला संबंध, काढण्याची वेळ आली तेव्हा सगळे सिम्युलेशन पुन्हा चालवावे लागले. एक्सटीसीवरून उलट टीआरआर बनवता येते खरी, पण तिच्यात वेग कुठून येणार?

हीच एक्सटीसी पुढे पीडीबी या मजकूर फॉरमॅटमध्ये नेली तर पूर्णांकनाची उणीव डोळ्यांनीही दिसते. पीडीबीत निर्देशांक ॲंगस्ट्रॉममध्ये (नॅनोमीटरचा दहावा भाग) तीन दशांश स्थानांपर्यंत लिहिले जातात, पण स्तंभावर नजर फिरवली की १२.३४०, २७.९१०, ८.०५० असे आकडे खालपर्यंत भेटतात आणि शेवटचा अंक सगळीकडे शून्य असतो. ज्याला हे माहीत नाही तो त्या तिसऱ्या अंकावर विश्वास ठेवून पुढचे गणित करील.

दुसरी अडचण गटांची. ही आज्ञा कोणत्या अणुगटाची फाइल लिहायची ते मध्येच विचारते, म्हणून स्क्रिप्टमध्ये लोक एको या आज्ञेतून गटाचा एक आकडा तिच्याकडे पाठवून देतात. गटांची यादी बदलली तर तोच आकडा वेगळ्या गटावर पडू शकतो, आणि आज्ञा तरीही विनातक्रार पूर्ण होते.

प्रतिसाद १ (विरोधात)

आपल्याला झालेला त्रास खरा आहे, पण सुचवलेला उपाय मला मान्य नाही. एक्सटीसी निवडणारा माणूस माहिती गाळण्यासाठीच ती निवडतो. एक लाख अणू आणि १०,००० फ्रेम (साठवलेले क्षण) धरा. सिंगल प्रिसिजनमध्ये (दर संख्येला चार बाइट) दर अणूच्या स्थानाला १२ बाइट लागतात, म्हणजे स्थानांचेच १२ जीबी होतात आणि वेग जोडले की २४. वेग वगळल्याबरोबर निम्मी जागा सुटते, संपीडनाचा लाभ त्यानंतरचा. हे सर्व जाणून काम करणाऱ्याला दर वेळी अडवले, तर तो ‘गळती मान्य’ असा पर्याय स्क्रिप्टमध्ये एकदाच टाकेल आणि पुन्हा त्याकडे पाहणार नाही. तीच स्क्रिप्ट पुढे नव्या विद्यार्थ्याच्या हाती जाईल, आणि त्याला तर थांबून विचार करण्याची संधीच मिळणार नाही.

शिवाय शेपटीवरून अंदाज न करणारी साधने अधिक सुरक्षित असतात, हे गृहीतही तपासून पाहावे. हवामानाच्या फाइलींसाठी वापरले जाणारे सीडीओ फाइलच्या नावाकडे पाहत नाही, फॉरमॅट हवा असल्यास -एफ एनसी असे स्पष्ट सांगावे लागते. ते न सांगता ग्रिब या हवामान फॉरमॅटमधील फाइलची कॉपी एनसी (नेटसीडीएफ या दुसऱ्या फॉरमॅटची) शेपटीच्या नावाने केली, तर आतील मजकूर ग्रिबच राहतो आणि नाव मात्र नेटसीडीएफचे लागते. स्पष्ट पर्यायाची शिस्त पाळणाऱ्या साधनातही पर्याय विसरला की चुकीची फाइल तयार होतेच.

गटांविषयीची तक्रार मात्र मला पूर्ण पटते, पण तिच्यावरचा उपाय आजही हातात आहे. आकड्याऐवजी गटाचे नाव पाठवावे.

प्रतिसाद २ (दोघांशीही असहमत)

आपण दोघेही गळती रूपांतरात शोधत आहात, पण पुष्कळदा ती साठवतानाच झालेली असते. द्रवप्रवाहाचे सिम्युलेशन करणाऱ्या ओपनफोममध्ये लिखाण मजकूर स्वरूपात ठेवले आणि किती अंक लिहायचे ते ठरवणारे राइटप्रिसिजन सहावरच राहू दिले, तर फाइलमध्ये सहाच सार्थ अंक उतरतात. डबल प्रिसिजनची (आठ बाइटांची) संख्या मजकुरातून जशीच्या तशी परत मिळवायची तर १७ अंक लागतात. त्यानंतर फोमटूव्हीटीके या रूपांतराच्या आज्ञेला कितीही पर्याय दिले तरी गेलेले अंक परत येणार नाहीत. म्हणून काळजी घ्यायची ती सिम्युलेशन सुरू करण्यापूर्वी, नियंत्रण फाइलमध्ये.

आणि केवळ चित्र पाहायचे असेल तर रूपांतर हवेच कशाला? केसच्या फोल्डरमध्ये फोम शेपटीची रिकामी फाइल ठेवली की पॅराव्ह्यू हे चित्रण-साधन ती केस थेट उघडते.

धागाकर्ता

साठवतानाच्या गळतीचा मुद्दा मान्य आहे, तो माझ्या मांडणीत यायला हवा होता. पण रूपांतर टाळणे नेहमी शक्य नसते. लॅम्प्स या आणखी एका रेणू-सिम्युलेशन साधनाची बायनरी रीस्टार्ट फाइल (थांबलेले काम पुढे चालू करण्यासाठीची) दुसऱ्या संगणकावर किंवा दुसऱ्या आवृत्तीत वाचली जाईलच असे नाही, म्हणून -रीस्टार्ट२डेटा हा पर्याय देऊन तिची मजकूर स्वरूपातील डेटा फाइल करावी लागते. त्या डेटा फाइलमध्ये स्थाने आणि वेग येतात, पण रीस्टार्टमध्ये जपलेली तापमान राखणाऱ्या नोझे-हूव्हर थर्मोस्टॅटची आतील स्थिती येत नाही. ही गळती नेमकी रूपांतराच्या पायरीवरच होते.

पहिल्या प्रतिसादातील आक्षेपानंतर मी माझी मागणी बदलतो. आज्ञेने थांबू नये, पण काय वगळले ते एका ओळीत सांगावे आणि वापरलेली पूर्ण आज्ञा नव्या फाइलमध्येच नोंदवावी. ज्या सीडीओचे उदाहरण आपण विरोधात दिले, तेच साधन नेटसीडीएफच्या हिस्टरी या गुणधर्मात चालवलेली आज्ञा लिहून ठेवते, आणि वर्षभरानंतर फाइल उघडणाऱ्याला ती तिथेच वाचता येते. पीडीबीतही रिमार्कच्या ओळींमध्ये अशी नोंद सहज बसेल.

एक्सटीसीत मात्र पायरी, वेळ, पेटीची मापे आणि निर्देशांक यांपलीकडे मजकुराला जागाच नाही. तिथे सध्या मी त्याच नावाची एक छोटी मजकूर फाइल शेजारी ठेवतो आणि तिच्यात पूर्ण आज्ञा लिहितो. ट्रॅजेक्टरी, म्हणजे ती एक्सटीसी फाइल, दुसरीकडे हलवताना ही फाइल मागे राहून जाते, हा तिचा दोष मला दिसतो आहे. कोणाकडे याहून पक्की व्यवस्था असल्यास ती कृपया इथे मांडावी.