मदत हवी आहे: माउंट केनियाच्या जंगलात दिसलेला राखाडी डोक्याचा, पिवळ्या पोटाचा पक्षी कोणता?

नमस्कार मंडळी, मी कामानिमित्त नैरोबीत असतो. मागच्या शनिवारी आम्ही तिघं माउंट केनियाला नारो मोरूच्या बाजूने गेलो होतो, शिखराचा वगैरे बेत नव्हता, गेटपासून म्हणजे साधारण २४०० मीटरवरून मेट स्टेशन या हवामान केंद्रापर्यंत म्हणजे ३०५० मीटरपर्यंत चालायचं आणि परत यायचं एवढंच. मधे बांबूचा पट्टा लागतो, ओला, अंधारा, सगळीकडे शेवाळ. तिथे वाटेच्या कडेला, जमिनीपासून जेमतेम हातभर उंच फांदीवर एक पक्षी येऊन बसला.

साइज चिमणीएवढी. डोकं आणि गळा गडद राखाडी, पाठ शेवाळी हिरवी, पंखावर जरा निळसर झाक, आणि छातीपासून खाली हळदीसारखा पिवळाधमक!! दोन-तीन सेकंद अगदी स्तब्ध बसायचा, मग टुणकन खाली पाचोळ्यात उतरून काहीतरी टिपायचा की परत वर. उडाला तेव्हा शेपटीच्या दोन्ही बाजूंना पिवळं चमकलं, मधे काळं. आवाज काहीच नाही.

मला आधी वाटलं आपला राखी डोक्याचा माशीमार, सह्याद्रीत हिवाळ्यात बघितलेला आहे, रंग तसेच. पण तो आशियातला, आफ्रिकेत नाहीच, शिवाय तो हवेत गिरकी मारून माशी पकडतो, असा पाचोळ्यात उतरत नाही आणि त्याच्या शेपटीत पिवळं नसतं. बरोबरचा मित्र म्हणाला डोंगरी ग्रीनबुल असेल, म्हणजे बुलबुलाच्या कुळातला. त्याचंही डोकं राखाडी आहे खरं, पण डोळ्याभोवती बारीक पांढरी कडी असते, पोट हिरवट पिवळं, आणि तो बहुतेक वर झाडात फळं खात असतो. मला नाही पटलं.

चित्रं चाळल्यावर व्हाइट-स्टार्ड रॉबिन सगळ्यात जवळचा वाटतोय, पण त्याला डोळ्यांच्या पुढे आणि गळ्याखाली पांढरे ठिपके असतात म्हणे, नावच त्यावरून पडलंय, आणि मला तर एकही दिसला नाही. इथेच अडलोय. त्यात अजून एक, अर्ध्या तासाने त्याच पट्ट्यात दुसरा पक्षी दिसला, तेवढाच, बसायची पद्धत डिट्टो तीच, पण अंगभर काळपट आणि त्यावर सोनेरी पिवळे ठिपके. ही मादी का? की वेगळी जात? फोटो एकच आहे आणि तोही अंधारातला, पहिल्याचा. कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, तीन दिवस दुसरं काही डोक्यात नाहीये.

प्रतिसाद १:
रॉबिनच आहे हो, शंका नको. ते पांढरे ठिपके पिसांखाली झाकलेले असतात, पक्षी बिथरला किंवा दुसऱ्या पक्ष्याला दाखवायचं असलं की उघडतो, शांत बसलेला असताना कित्येकदा दिसतच नाहीत. तुम्ही शेपटी बघितलीत हे फार बरं केलंत, पिवळ्या शेपटीत मधली पिसं आणि टोक काळं, म्हणजे उलटा टी, त्यावरून लगेच ओळखतात. आणि मादी वेगळी नसते, नरमादी दिसायला सारखेच. तो ठिपकेवाला म्हणजे पिल्लू, नुकतं घरट्याबाहेर पडलेलं असणार. घरटं जमिनीवरच असतं, वरून छत असलेलं, त्यामुळे त्या भागात वाट सोडून आत शिरू नका ही विनंती. सियाफू मुंग्यांची (झुंडीने शिकार करत फिरणाऱ्या मुंग्या) रांग दिसली तर मात्र लांब उभे राहून वाट बघा, मुंग्यांपुढे पळणारे किडे टिपायला हे रॉबिन हमखास येतात. आणि तीन सुरांचा, उतरत जाणारा आवाज ऐकलात का? तो लाल छातीचा कुकू, आपल्या पावशाच्या नात्यातला, याच्या घरट्यात अंडी घालतो.

धागाकर्ता:
खूप खूप आभार!! ते तीन सूर गेटपाशी सकाळभर चालू होते, मी लक्षच दिलं नाही. आत्ता फोटो लॅपटॉपवर मोठा करून, ब्राइटनेस वाढवून बघितला. डोळा आणि चोचीच्या मधे एक पांढरा टिपका आहे, सुईच्या टाक्याएवढा. आहे!!