फिनॉलसाठी टायरोसिनेज घेऊ की लॅकेज?

फुटकाबीकर: पाण्यातलं फिनॉल आणि कॅटेकोल मोजायचंय, इलेक्ट्रोडवर एंझाइम बसवून. टायरोसिनेज आणि लॅकेज ही त्यासाठी डोक्यात असलेली दोन एंझाइम. पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) प्रयोगशाळेचा आहे. माझे पैसे एंझाइमची एक छोटी कुपी आणि कार्बनच्या छापील पट्ट्या एवढ्यापुरतेच. जाणकारांनी सांगा.

पेरॉक्साइडवाला: डोळे झाकून प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड घ्या. ग्लुकोज ऑक्सिडेजवर (ग्लुकोजवर काम करताना हायड्रोजन पेरॉक्साइड सोडणारं एंझाइम) तीन वर्षं घासलीत. +०.६ व्होल्टला हायड्रोजन पेरॉक्साइडचा करंट काय देखणा येतो!

निळीशाई: विचारलंय फिनॉल, सांगताय ग्लुकोज. शिवाय +०.६ ला व्हिटॅमिन सी, युरिक आम्ल, पॅरासिटामॉल, सगळे रांगेत घुसतात. इलेक्ट्रोडवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थर लावा, पेरॉक्साइडचं काम शून्य व्होल्टच्या आसपास होतं. फक्त अल्कधर्मी बफर नको. माझा थर धुऊन गेला.

जुनाखोड: लॅकेज. माझं टायरोसिनेज कॅटेकोलवर काम करता करताच मेलं, आठवडाभरात पट्ट्या कचऱ्यात.

एकटाकरंट: लॅकेज साध्या फिनॉलवर रखडतं हो. टायरोसिनेज फिनॉलचं कॅटेकोल करतं, त्याचं क्विनोन. ते −०.२ व्होल्टला इलेक्ट्रोडवर क्षपण होऊन (इलेक्ट्रॉन घेऊन) परत कॅटेकोल, की पुन्हा एंझाइमकडे. तोच रेणू फेऱ्या मारतो, म्हणून करंट वाढतो.

मीमराठी: अवांतर: 'विकर' हा शब्द असताना एंझाइम कशाला?

जुनाखोड: आम्ही वितंचक शिकलो.

मीमराठी: वितंचक कुणी म्हणत नाही आता.

घाईत: एंझाइमच कशाला? फिनॉल थेट ऑक्सिडाइज करा.

निळीशाई: करून बघा. पॉलिमरचा थर बसतो, तिसऱ्या मापनाला करंट झोपतो.

पेरॉक्साइडवाला: क्लार्क आणि लायन्सनी १९६२ मध्येच एंझाइम इलेक्ट्रोडची वाट दाखवलीय. प्लॅटिनम.

एकटाकरंट: एंझाइम जेलमध्ये धरून इलेक्ट्रोडवर बसवलं ते अपडाइक आणि हिक्स यांनी, १९६७. असो. फुटकाबीकर, ग्लुटारअल्डिहाइड (एंझाइम जोडून पक्कं बसवणारं रसायन) जपून. मी 'घट्ट बसू दे' म्हणून जास्त ओतलं, एंझाइम जागेवरच निकामी. सोबत बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला. ते ग्लुटारअल्डिहाइडचा बराच मारा स्वतःवर घेतं.

जुनाखोड: ग्लुटारअल्डिहाइड जपूनच. आणि लॅकेज.

फुटकाबीकर: सगळ्यांचे आभार. कुपी घेतलीच नाही. १९८५ मध्ये केळ्याच्या गराचा इलेक्ट्रोड करून डोपामिन मोजलं होतं, केळ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, टायरोसिनेजच्याच घराण्यातलं एंझाइम, असतंच. गर कार्बन पेस्टमध्ये कालवला. कॅटेकोल टाकलं की करंट हलतोय.

मीमराठी: विकर फुकटात!

एकटाकरंट: कॅटेकोल ठीक. साधं फिनॉल टाकून पाहिलंत का? केळ्यातलं एंझाइम तिथे अडेल.

फुटकाबीकर: उद्या बघतो. आजचं केळं संपलं.